सही तर त्यानंच केली ना?

आज सकाळी मुलांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. आमच्या पुढे एक ग्रुप होता. त्यातले एक काका मोठ्या आवाजात सांगत होते, "दुसऱ्या बाजीरावानं इथंच राज्य विकलं. जबरदस्ती कुणी केली होती? सही तर त्यानंच केली ना?" सगळे हसले. मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून डोकं भणभणतंय. पोस्ट लांबेल, आधीच सांगतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. अकोल्याकडचं आमचं गाव. आजोबा गेल्यावर एक भाऊबंद आजीला म्हणाला, तू एकटी, मी राखणीला माणूस ठेवतो. दोन वर्षांनी त्या राखणदाराचा पगार आजीच्या नावावर थकीत निघाला. थकबाकीपोटी चार एकराच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. बोटाची शाई तिनं लुगड्याच्या पदराला पुसली, तो जांभळा डाग काही गेला नाही. वडील भांडायला गेले तर उत्तर काय? "अंगठा तर म्हातारीनंच दिला ना?"

तैनाती फौज, म्हणजे राजाच्या खर्चानं त्याच्याच दारात ठेवलेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज, ती तरी दुसरं काय हो? ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर बाजीराव कोकणात पळाला, तिथून इंग्रजांच्या जहाजातून वसईला. 31 डिसेंबरला तह झाला. कंपनीचं किमान 6,000 पायदळ कायमचं पदरात, त्याच्या खर्चाला 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत आणि निजाम किंवा गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा इंग्रज करणार. राखणदार त्यांचा, पगार तुमचा, वर शेजाऱ्याशी बोलायचीही चोरी!

बाजीरावाची कड घेत नाही मी. यशवंतरावांच्या भावाला, विठोजी होळकराला, हत्तीच्या पायी देणारा माणूस तो, स्वतःच्या पायांनी इंग्रजांकडे गेला. मान्य. पण घरातून पळालेल्या माणसासमोर ठेवलेल्या कागदाला करार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मला खरं तर बाजीरावापेक्षा आमचं वऱ्हाड जास्त सलतं. निजामानं 1800 च्या तहात कंपनीच्या फौजेसाठी मुलूख आधीच तोडून दिला होता. लढाईच्या वेळी स्वतःचे 6,000 पायदळ आणि 9,000 घोडेस्वार मदतीला द्यायचे, एवढंच कबूल केलं होतं. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली दुसरीच फौज उभी राहिली. हैदराबाद कंटिन्जंट. लढाई असो नसो, पगार चालू. निजामाची तिजोरी रिकामी, मग कर्ज कंपनीनंच द्यायचं आणि वसूलही तिनंच करायचं. 1853 मध्ये डलहौसीनं त्या थकबाकीपोटी वऱ्हाडच ताब्यात घेतलं. कापसाची काळी जमीन! फौजेचा नि कारभाराचा खर्च जाऊन उरेल ते निजामाला, दरवर्षी हिशेब दाखवू, असं कबूल केलं होतं. 1860 च्या तहात ते कलमच गेलं, निजामानं हिशेब मागायचा नाही असं ठरलं. निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिले, मिळालं नाही. 1902 मध्ये कर्झन स्वतः हैदराबादला जाऊन निजामाशी बोलला आणि वर्षाला 25 लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं.

सही? हो, तीही निजामाचीच.

कुणी म्हणेल, निजामाच्या इजारेदारांनी, म्हणजे सारावसुलीचा मक्ता घेतलेल्यांनी तरी वऱ्हाडाला कुठे सुखात ठेवलं होतं? नव्हतंच ठेवलं, आणि रेल्वे इंग्रजांच्याच काळात आली. बरं. आमच्या त्या भाऊबंदानंही शेतात विहीर खणली होती, पाणीही लागलं होतं तिला.

सकाळी फार चिडलो होतो, काकांना तिथेच गाठायला हवं होतं असं वाटत होतं. आता वाटतं, त्यांच्या घरात कुणाचा अंगठा गेला नसेल, त्यांना कसं कळणार.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मी शिकायला पुण्याला गेल्यापासून सुट्टीत घरी आलो की पाणी द्यायच्या आधी ती एकच विचारायची, "त्यानं हिसाब देल्ला काय रे, बाप्पा?"