बापूकाका ऐकत असले तर?

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चालूय. बापूकाकांना ब्रेन हॅमरेज होऊन तीन महिने झाले, डोळे उघडतात पण हाक मारली तर काही नाही, आतेभाऊ म्हणतो आता नुसतं शरीर उरलंय, आत्या म्हणते असं अभद्र बोलू नकोस, मग कोणीतरी सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल टाकतं, लिव्हिंग विल (म्हणजे आपल्याला बोलता येईनासं झालं तर उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवणं) वगैरे, आणि काकांनी ते केलेलंच नाही म्हणून परत पहिले पाढे पंचावन्न.

मी लंडनला असते, म्हणजे कॅनडातल्या (निम्म्या सदाशिव पेठेला हे अजून पटलेलं नाही). इथल्या युनिव्हर्सिटीत एड्रियन ओवेन म्हणून मेंदूशास्त्रज्ञ आहेत. २००६ मधे, केंब्रिजला असताना, त्यांनी अशाच एका २३ वर्षांच्या मुलीला एफएमआरआयमधे (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) घालून सांगितलं, तू टेनिस खेळतीयेस अशी कल्पना कर. तर मेंदूचा हालचाल ठरवणारा भाग धडधाकट माणसासारखा चालू झाला! मग म्हणाले घरातल्या खोल्यांमधून फिर, तर दुसराच भाग. नुसता शब्द कानावर पडून मेंदू अर्धा अर्धा मिनिट असा कामाला लागत नाही, ती सांगितलेलं करत होती. २०२४ च्या मोठ्या अभ्यासात हाकेला ओ न देणाऱ्या २४१ पैकी ६० जणांत असं काही सापडलं.

म्हणून काकांना विमानात घाला असं मी म्हणत नाहीये, इथंही हा स्कॅन सर्रास होत नाही, आणि त्यात काही दिसलं नाही म्हणजे आत कोणी नाही असंही सिद्ध होत नाही. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे तरंग टिपायची तपासणी, पुण्यात कुठंही होतो, पण तो या कामासाठी वाचणारं माणूस लागतं. माझं म्हणणं एवढंच की भांडायच्या आधी नीट तपासा तरी! बेल्जियममधे २००९ ला डॉक्टरांनी 'भान नाही' म्हटलेल्या ४४ जणांना ठरलेल्या पद्धतीनं परत तपासलं तर १८ जणांत थोडं भान निघालं, आणि त्यातली एक तपासणी म्हणजे डोळ्यांसमोर आरसा हळूहळू फिरवून नजर मागे जाते का बघायचं. आरशाला काय खर्च? पण न्यूरोवाल्यांना विचारून, आणि एकदाच नाही, सकाळी वेगळं संध्याकाळी वेगळं दिसतं.

बाकी इथं असे बरेच पेशंट नर्सिंग होममधे (हॉस्पिटल नव्हे, कायम सांभाळणारी संस्था) एकटे पडून असतात, तिथं काकांच्या उशाशी चोवीस तास कोणीतरी आहे, हे मला इथून जास्त जाणवतं. फक्त परवा व्हिडिओ कॉलवर मागून रीडेव्हलपमेंटमधला कोणाचा किती वाटा हे ऐकू आलं, काकांच्या कॉटला टेकूनच. आत्याला सांगितलंय, ते बोलणं जिन्यात करा.