‘ऋण सोडले आहे’

गेली चार वर्षं चर्चच्या उपासनेत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू झाली की एका ओळीला मी गप्प व्हायचो. “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.” देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलू? मी माझ्या दादाला सोडलेलं नव्हतं, क्षमा केली नव्हती.

गावच्या जमिनीचा वाद. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, त्यात माझं नाव लागलं नाही, आणि हे दादाला माहीत होतं. फेरफाराविरुद्ध अपील चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

पण त्या ओळीतलं क्रियापद बघा. ‘सोडू’ नाही, ‘सोडले आहे’. म्हणजे प्रार्थनेला उभं राहण्याआधीच ते काम झालेलं असायला हवं. आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात ही प्रार्थना संपते न संपते तोच येशू पुन्हा याच मुद्द्यावर येतो: तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर पिताही तुम्हाला करणार नाही. रोजच्या भाकरीबद्दल तो तिथे दुसऱ्यांदा काही बोलत नाही, परीक्षेबद्दलही नाही. फक्त क्षमेबद्दल बोलतो.

त्याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दृष्टांतातल्या निर्दय चाकराचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. राजाने त्याला माफ केलेलं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! आणि सोबतीच्या चाकराचा गळा त्याने धरला तो शंभर दिनारांसाठी. शंभर दिवसांची मजुरीही काही थोडीथोडकी नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्यावर झालेला अन्याय खरा असतो, येशू त्याला किरकोळ म्हणत नाही.

म्हणून मला ग्लॅडिस स्टेन्स आठवतात. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम, आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं, फिलिप आणि टिमोथी, रात्री गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले गेले. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली. मुलगी एस्थरला घेऊन त्या लगेच ऑस्ट्रेलियाला निघूनही गेल्या नाहीत. २००४पर्यंत बारीपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षाही झाली. त्यांच्या क्षमेने कायद्याची वाट अडवली नाही.

हे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये स्पष्ट सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीला “क्षमा कर आणि परत जा” असं सांगणारे आपल्यातच आहेत. कृपा करून असं सांगू नका. क्षमा म्हणजे सूड देवावर सोपवणं. पुन्हा मार खायला जाणं येशूने कुठेही मागितलेलं नाही.

मागच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री दादाला फोन केला. म्हटलं, “दादा, मनातून सोडलंय. अपील मागे घेणार नाही, पण तुझ्याबद्दल वाईट चिंतणार नाही.” तो बराच वेळ बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, “बरं.” माफी मागितली नाही त्याने. मागेल की नाही, मला ठाऊक नाही. त्या रविवारी मी ती ओळ मोठ्याने म्हटली.

पुढच्या मंगळवारी तारीख आहे. दादाच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही, म्हणून मीच त्याला मोटारसायकलवर घेऊन जाणार आहे.