‘अमेरिकेचं मढं कशाला उकरता?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

मालक, प्रतिक्रिया वाचली. (‘मालक’ सोलापुरी अर्थाने, म्हणजे आपुलकीने म्हणतोय, टोमणा नाही.) बिलभरणा कंपन्यांच्या शेअरवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा राग थोडक्यात असा: चेकफ्री ही लोकांची बिलं ऑनलाइन भरून देणारी पंचवीस वर्षांपूर्वीची अमेरिकन कंपनी, तिचं मढं आता कशाला उकरायचं? आपल्याकडे यूपीआय आहे, जो स्पर्धा जिंकेल त्याचा शेअर वर जाणारच. आणि मी पेटीएममध्ये हात पोळून घेतले असणार, म्हणून हा रडका सूर.

शेवटचं आधी. पेटीएमचा तो आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) मी भरलाच नव्हता. त्यात शहाणपण काही नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये घराचा गिलावा चालू होता आणि खिशात दमडी नव्हती. 2150 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 1560 च्या आसपास बंद झाला, तेव्हा मी गवंड्याशी वाळूवरून हुज्जत घालत होतो.

आता चेकफ्री. उदाहरण जुनं आहे म्हणूनच घेतलं, कारण त्याचा शेवट माहीत आहे. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि कार्डांचे व्यवहार सांभाळणारी फर्स्ट डेटा यांनी मिळून बिलं भरायची वेगळी कंपनी काढली, पुढे सिटीबँकही त्यात आली. गुंतवणूकदारांत एकच चर्चा, चेकफ्रीचं आता काही खरं नाही. 1999 मध्ये चेस, वेल्स फार्गो आणि फर्स्ट युनियन या तीन बँकांनी ऑनलाइन बिलांसाठीच स्पेक्ट्रम नावाची वेगळी चूल मांडली. पुन्हा तीच चर्चा. आणि 2000 मध्ये काय झालं? मायक्रोसॉफ्टवाल्यांची ती कंपनी (तोवर तिचं नाव ट्रान्सपॉइंट झालं होतं) चेकफ्रीनेच विकत घेतली. माझ्या मते कारण साधं होतं. ग्राहक घरी बसून बटण दाबायचा, पण त्यातली कितीतरी बिलं मागच्या दाराने कागदी चेक छापून टपालानेच जायची. ही हमाली चेकफ्री वर्षानुवर्षं करत आली होती. नुसत्या मोठ्या नावाने ती होत नाही.

म्हणजे तुमच्या हिशेबाने घोडा जिंकला. आता भाव बघा. 1999 च्या डिसेंबरात शेअर 100 डॉलरच्या वर होता. 2007 मध्ये फायसर्व्ह या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने अख्खी चेकफ्री घेतली ती 48 डॉलर भावाने. वरच्या भावात घेऊन जवळजवळ आठ वर्षं धरून बसलेल्याचे निम्म्याहून जास्त पैसे गेले, तेही जिंकलेल्या घोड्यावर. मूळ लेखात मला एवढंच म्हणायचं होतं. ते नीट उतरलं नसेल तर दोष माझा.

‘भारत वेगळा आहे’ हे मात्र शंभर टक्के मान्य. फक्त हा वेगळेपणा कंपनीच्या बाजूने आहे असं तुम्ही धरून चालताय, तिथे आपलं फाटतं. मागच्या महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागात एका ओळखीच्या कारखानदाराकडे बसलो होतो. टॉवेलचे माग चालू, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. त्याने वीजबिल भरायला मोबाईल काढला. एका अ‍ॅपवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला, नाव आलं, रक्कम आली, मुदतीची तारीख आली, आणि खाली तीन रुपये प्लॅटफॉर्म फी. लगेच मागे. दुसरं अ‍ॅप उघडलं. तेच नाव, तीच रक्कम, तीच तारीख, फी नाही. भरलं. तीन रुपयांसाठी एवढी खटपट का, म्हटलं. तर म्हणतो, ‘‘तीन रुपय कशाला सोडायचे वो? बिल तर तेच हाय की.’’

बिल तेच असतं, कारण पाइप एकच आहे. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये भारत बिल पेमेंट सिस्टिमचे नियम काढले, आणि ही यंत्रणा एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आपल्या उपकंपनीमार्फत चालवते. महावितरण एकदा त्यात जोडली की तिचं बिल कुठल्याही अ‍ॅपवर दिसतं. चेकफ्रीने जी जोडणी रक्त आटवून उभी केली, ती इथे सगळ्यांना तयार मिळते. ऑनलाइन भरल्याबद्दल 0.25 टक्के सवलत मिळते तीही महावितरणची. अ‍ॅप कुठलं, याच्याशी तिचा संबंध नाही. त्यात जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग कमाई कर्ज विकून, विमा विकून, दुकानात साउंडबॉक्स (पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा) भाड्याने देऊन. त्या धंद्यात कोण पुढे राहील, हा खरा प्रश्न. तो तुमच्या प्रतिक्रियेत नाही. माझ्याही लेखात दीड ओळीत उरकला होता, हे कबूल.

आणि तुम्ही म्हणता तो ‘30 टक्क्यांचा ट्रिगर’. एका अ‍ॅपने यूपीआय व्यवहारांचा 30 टक्क्यांहून मोठा वाटा घेऊ नये, असं एनपीसीआयने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं. मुदत पुढे ढकलत ढकलत 31 डिसेंबर 2026 वर नेली. या तारखेवर पैज लावून शेअर घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण त्याला अभ्यास म्हणू नका. नियम कुणाच्या बाजूने वळेल हे सांगता येत नाही. 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेचा पेटीएम पेमेंट्स बँकेवरच्या निर्बंधांचा आदेश आला, त्याच्या आदल्या दिवशीही लोक पेटीएमच्या शेअरचं ‘टार्गेट’ सांगतच होते. बिलडेस्क या आपल्याकडच्या बिलभरणा कंपनीचंही तेच. 2021 मध्ये प्रोसस या डच कंपनीने ती 4.7 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, स्पर्धा आयोगाची परवानगीही मिळाली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये व्यवहारच बारगळला.

राहिला तुमचा टोला, ‘सोलापुरात बसून वॉल स्ट्रीटच्या गप्पा’. मारतो की! उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडता येत नाही, दुसरं करणार काय? आणि ‘कुठल्या भावाला घ्याल’ हे विचारलंत, त्याचं उत्तर मी देणार नाही. असा सल्ला द्यायला लागणारी सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) नोंदणी माझ्याकडे नाही. तुमचा हिशेब मात्र आकड्यांसकट खाली लिहा, तिमाही नफा कुठल्या धंद्यातून किती येतो ते वेगळं काढून. चूक निघाली तर मूळ लेखात तुमच्या नावानिशी दुरुस्ती टाकतो.