सिसिली माफियाने जिंकून दिली? तो पिवळा रुमाल जरा झटकून पाहू

ही गोष्ट दर काही महिन्यांनी नवा फोटो लावून परत फिरायला लागते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दुसऱ्या महायुद्धात माफियाने न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ नावाचं जहाज जाळून अमेरिकन नौदलाला आपली ताकद दाखवली. घाबरलेल्या नौदलाने तुरुंगात असलेल्या लकी लुचियानो या न्यूयॉर्कच्या माफिया म्होरक्याचे पाय धरले. त्याच्या एका शब्दावर बंदरातले घातपात थांबले, जर्मन हेर पकडले गेले. 1943 मध्ये त्याच्या नावाचा ‘एल’ असलेला पिवळा रुमाल विमानातून टाकला आणि सिसिलीतल्या माफियाने अख्खं बेट अमेरिकेच्या पदरात टाकलं. या देशसेवेबद्दल लुचियानोची सुटका झाली. शेवटी ठरलेली ओळ: ‘हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही.’

सापडतं, पण जरा वेगळं.

नौदल आणि गुन्हेगार यांच्यात संगनमत झालं होतं, हे आधीच मान्य करून टाकतो. ही सगळी थाप आहे असं म्हणणारेही चुकतात. मार्च 1942 मध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातले अधिकारी मॅनहॅटनचे सरकारी वकील फ्रँक होगन यांच्याकडे गेले. त्यांना फुल्टन मासळी बाजारावर हुकूमत असलेल्या जोसेफ ‘सॉक्स’ लान्झापर्यंत पोचायचं होतं. लान्झावर तेव्हा खंडणीचा खटला उभा होता. सरकारी वकिलाच्या कचेरीची पायरी चढताना कुणी पाहिलं तर आपल्या लोकांत काय अर्थ काढतील, ही त्याला भीती. म्हणून पहिली भेट झाली मध्यरात्रीच्या सुमारास, रिव्हरसाइड पार्कमधल्या बाकावर. एका बाजूला लान्झा आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला होगन यांचे सहायक मरी गर्फीन. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर चार्ल्स हॅफेंडन याने सूत्रं हातात घेतली. लान्झाने नौदलाच्या माणसांना युनियनची कार्डं मिळवून दिली, मासेमारी बोटींवर आणि ट्रकांवर चढवलं. पण त्याचं वजन मासळी बाजारापुरतंच. बाकीच्या धक्क्यांवर इतर टोळ्यांचं राज्य होतं आणि तिथे चालणारं नाव एकच होतं. तो माणूस, म्हणजे लुचियानो, डॅनेमोराच्या तुरुंगात 30 ते 50 वर्षांची शिक्षा भोगत होता. 12 मे 1942 रोजी त्याला न्यूयॉर्कला जवळ पडेल अशा ग्रेट मेडो तुरुंगात हलवलं. त्याचा वकील मोझेस पोलाकॉफ आणि गुन्हेगारी धंद्यातला जुना साथीदार मेयर लान्स्की त्याला भेटायला जाऊ लागले.

एवढं घडलं. आता पुढचं.

‘नॉर्मंडी माफियाने जाळलं.’

(जहाज. त्या नावाचा किनारा वेगळा.) 9 फेब्रुवारी 1942, दुपारी अडीचचा सुमार, हडसन नदीवरचा धक्का क्रमांक 88. फ्रान्सचं हे आलिशान प्रवासी जहाज ताब्यात घेऊन अमेरिका त्याचं सैन्यवाहू जहाज करत होती. मोठ्या दिवाणखान्यात एक कामगार ॲसिटिलीनच्या ज्योतीने लोखंडी खांब कापत होता. जवळच जीवरक्षक जाकिटांच्या गठ्ठ्यांची थप्पी रचलेली होती. त्या जाकिटांत कापोक, म्हणजे सावरीच्या कापसासारखा पदार्थ. उशीतला असा कापूस काडीने पेटवून पाहिलाय कधी? ठिणगी उडाली आणि क्षणात आग पसरली. जहाजाची स्वतःची अग्निशमन यंत्रणा दुरुस्तीच्या कामात बंद करून ठेवलेली. धावत आलेल्या बंबवाल्यांचे पाइप लावायला गेले, तर जहाजावरची जोडणी फ्रेंच मापाची. मग अग्निशामक बोटींनी नदीतून इतकं पाणी मारलं की जहाज एका बाजूला कलत गेलं आणि पहाटे तीनच्या आत आडवं झालं. बुडवलं ते पाण्यानेच. ज्याने हे जहाज रेखलं तो इंजिनियर युर्केविच स्वतः धक्क्यावर आला होता. तळाच्या झडपा उघडून जहाज सरळच्या सरळ तळाला बसवा, असं त्याचं म्हणणं. त्याला आत सोडलं नाही.

चौकशीत निष्कर्ष निघाला निष्काळजीपणाचा. ‘आम्हीच जाळलं’ हा दावा पुष्कळ वर्षांनी, लुचियानोच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर छापल्या गेलेल्या आठवणींतून आला, आणि त्या आठवणी कितपत खऱ्या याबद्दलच वाद आहे. इतक्या मोठ्या आगीचं श्रेय फुकट मिळत असेल तर कोणता गुंड नाही म्हणेल? एक मात्र खरं. आग अपघाताची असली तरी भीती खरी होती, आणि त्या भीतीपोटीच नौदल पुढच्याच महिन्यात लान्झाकडे गेलं.

‘लुचियानोच्या शब्दावर घातपात थांबले, हेर सापडले.’

थांबायला आधी ते चालू असावे लागतात. न्यूयॉर्कमधली जर्मन हेरांची सर्वांत मोठी टोळी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने जून 1941 मध्येच धरली होती. अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधी, आणि लान्झाला त्या बाकावर बसवण्याच्या कितीतरी आधी. तिच्यातल्या 33 जणांना शिक्षा झाल्या.

मासेमारी बोटी जर्मन पाणबुड्यांना डिझेल पुरवतात हा नौदलाचा मुख्य संशय होता. तसं करणारी एकही बोट सापडली नाही. पाणबुड्यांना त्याची गरजही नव्हती. मोठ्या पाणबुड्या मुळातच तेवढं इंधन घेऊन निघायच्या आणि एप्रिल 1942 पासून भर समुद्रात खास तेलवाहू पाणबुड्या त्यांच्या टाक्या भरून द्यायच्या. जर्मन खलाशी त्यांना ‘दुभत्या गायी’ म्हणत. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेच्या किनाऱ्यालगत शेकडो जहाजं बुडाली. त्याची कारणं रुक्ष आहेत: शहरांचे दिवे रात्रभर लखलखत होते, त्या उजेडावर जहाजांची आकृती दुरून दिसायची, आणि जहाजं एकेकटी जात होती. मे महिन्यात ती पहाऱ्यातल्या ताफ्यांनी जाऊ लागली आणि किनाऱ्यालगतचं नुकसान उतरणीला लागलं. मासळी बाजारातल्या कुजबुजीचा याच्याशी संबंध लावता येत नाही.

आणि हेर पकडल्याची गोष्ट? लुचियानो नव्या तुरुंगात येऊन महिना झाला होता. 13 जून 1942, लाँग आयलंडवरचं अमागान्सेट गाव, दाट धुकं. पाणबुडीतून चार जर्मन घातपाती स्फोटकांसह किनाऱ्यावर उतरले. त्यांना पाहिलं ते गस्तीवरच्या तटरक्षक दलाच्या एका तरुण जवानाने. हातात हत्यार नाही, फक्त बॅटरी. त्यांनी त्याच्या हातावर 260 डॉलर ठेवले. त्याने ते घेतले, ठाण्यावर पळत गेला आणि सगळं सांगितलं. पण कुमक येईपर्यंत चौघं स्टेशन गाठून, तिकिटं काढून न्यूयॉर्कच्या गाडीत बसले होते. पुढे त्यांचा म्होरक्या जॉर्ज डाश यानेच एफबीआयला फोन केला. तिथे कुणी मनावर घेईना. तेव्हा तो स्वतः वॉशिंग्टनला गेला आणि जवळचे 84,000 डॉलर टेबलावर ओतून दाखवले. फ्लोरिडात उतरलेले आणखी चौघंही मग सापडले. माफियाचा ‘डोळा’ किनाऱ्यावर खरोखर रोखलेला असता, तर तो उघडा असायची हीच वेळ होती.

धक्क्यांवर संप झाले नाहीत, हेही लुचियानोच्या खात्यात मांडतात. डिसेंबर 1941 मध्येच देशातल्या दोन्ही मोठ्या कामगार महासंघांनी युद्धकाळात संप न करण्याचा शब्द दिला होता.

‘सिसिली त्याच्या रुमालावर पडली.’

हा सगळ्यांत लाडका भाग. प्रचलित कथा अशी, की 14 जुलै 1943 ला विलाल्बा या गावावर अमेरिकन विमान आलं. त्यातून पडलेला पिवळा रेशमी रुमाल गावचा माफिया म्होरक्या डॉन कालोजेरो विझ्झिनी याच्याकडे पोचला. सहा दिवसांनी रणगाडे आले, म्हातारा डॉन एकावर चढून बसला आणि तो फिरला तिथे तिथे इटालियन सैनिकांनी बंदुका टाकल्या.

ही कथा आली विलाल्बाच्याच एका डाव्या पत्रकाराकडून. त्याच्या घराण्याचं आणि विझ्झिनीचं जुनं वैर. अमेरिका आणि माफिया एका ताटात जेवतात हे दाखवणं त्याला राजकीयदृष्ट्या सोयीचं होतं. त्यानंतरच्या लेखकांनी एकमेकांचं वाचून तीच कथा पुढे ढकलली. पाहणाऱ्याची स्वतंत्र साक्ष किंवा सैन्याचा कागद तिच्यामागे उभा राहत नाही.

कथा बाजूला ठेवून नकाशाच पाहा. 10 जुलैला दोस्त सैन्य उतरलं ते दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यावर, पहिल्या लाटांत सुमारे 1,60,000 माणसं. दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावरच्या जेला गावाजवळ जर्मन हरमान गोरिंग डिव्हिजनचे रणगाडे समुद्राच्या अगदी जवळ आले. ते परतवले ते तोफखान्याने आणि युद्धनौकांच्या तोफांनी. त्याच रात्री अमेरिकनांनी स्वतःचीच 23 विमानं, छत्रीधारी सैनिकांसह, गोळीबार करून पाडली. रुमाल बहुधा त्या तोफखान्यापर्यंत पोचला नसावा. पश्चिम सिसिली झटपट पडली हे खरं, पालेर्मो 22 जुलैला हातात आलं. पण जर्मनांनी पश्चिम सोडून एटना ज्वालामुखीभोवतीच्या ईशान्य कोपऱ्यात पाय रोवले होते, आणि पश्चिमेत उरलेल्या इटालियन तुकड्यांत पुष्कळ सैनिक त्याच बेटावरचे, युद्धाला विटलेले. घर दोन डोंगरांपलीकडे असताना मुसोलिनीसाठी मरायला त्यांना डॉनची परवानगी लागत होती असं नाही. जिथे जर्मन ठाकले, तिथे काय झालं ते त्रोइनाला दिसलं. एका डोंगरी गावासाठी जवळजवळ आठवडाभर लढाई. मोहीम 38 दिवस चालली, दोस्तांचे वीस हजारांहून जास्त सैनिक कामी आले, जखमी किंवा बेपत्ता झाले. वर जर्मनांनी सुमारे 40,000 माणसं मेसिनाच्या सामुद्रधुनीतून सुखरूप पलीकडे नेली. दान केलेलं बेट असं दिसतं?

लुचियानो नऊ-दहा वर्षांचा असताना सिसिली सोडून आला होता. 1936 पासून गजाआड. त्याच्या शब्दाला विलाल्बात एवढं वजन कुठून आलं, हे कुणी सांगत नाही.

विरुद्ध बाजूने एक गोष्ट न्यायाने मांडायला हवी. हॅफेंडनच्या विभागाने न्यूयॉर्कमधल्या सिसिलियन लोकांकडून फोटो, पोस्टकार्डं, किनाऱ्यांची माहिती गोळा केली आणि त्या विभागातले चार अधिकारी आक्रमणाबरोबर सिसिलीत उतरले. स्थानिकांशी ओळखी काढायला न्यूयॉर्कची नावं उपयोगी पडली, अशी साक्ष त्यांच्यापैकी काहींनी पुढे दिली. ती खोटी मानायचं कारण मला दिसत नाही. वाटाड्यांचा उपयोग कुठल्याही सैन्याला होतोच. त्याला बेट जिंकणं म्हणत नाहीत.

आधीच सौदा झालेला नव्हता याचा चांगला पुरावा तर सैन्याच्याच दप्तरात आहे. मोहीम संपून दोन महिने उलटल्यावर, 29 ऑक्टोबर 1943 ला, कॅप्टन स्कॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याने सिसिलीतल्या माफियाच्या प्रश्नावर टिपण लिहिलं. त्यात तीन पर्याय मांडले: लगेच कडक कारवाई करा, म्होरक्यांशी तह करा, नाहीतर बेटाच्या बऱ्याच भागावरचा ताबा सोडून द्या. ज्यांच्याशी जुलैतच हातमिळवणी झाली, त्यांच्याशी तह करावा का असं ऑक्टोबरमध्ये कोण विचारतं?

‘देशसेवेबद्दल सन्मानाने सुटका.’

इथे फार वेळ घालवत नाही. 3 जानेवारी 1946 ला न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्युई यांनी त्याची शिक्षा कमी केली. याच ड्युईंनी सरकारी वकील म्हणून त्याला आत टाकलं होतं. निवेदनात त्यांनी स्वच्छ म्हटलं, की सैन्याने त्याची मदत मागितली होती, त्याने सहकार्य केलेलं दिसतं, पण मिळालेल्या माहितीचं प्रत्यक्ष मोल स्पष्ट नाही. सन्मान म्हणाल तर फेब्रुवारीत मालवाहू जहाजावर चढवून इटलीला हद्दपारी. जिवंतपणी तो अमेरिकेत परतू शकला नाही. 1962 मध्ये नेपल्सच्या विमानतळावर हृदयविकाराने गेला.

ड्युईंनी लाच खाल्ली अशी कुजबुज वाढली तेव्हा त्यांनीच 1954 मध्ये विल्यम हरलँड्स यांच्याकडून चौकशी करवली. ज्याच्यावर संशय, त्यानेच नेमलेली चौकशी, हे लक्षात ठेवूनच वाचावी. तरी पन्नासहून जास्त साक्षीदार, हजारो पानांच्या साक्षी असा तिचा ऐवज. नौदल माफियाकडे गेलं होतं हे तिने पक्कं केलं. अहवाल छापू नका असं नौदलाने सांगितलं आणि तो 1970 च्या दशकापर्यंत ड्युईंच्या कागदपत्रांत पडून राहिला. अफवा फोफावल्या त्या याच मोकळ्या जागेत. त्यात दोष नौदलाचा.

या फिरत्या गोष्टीवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. गुन्हेगारांनी सैन्याला काय दिलं याचा ती हिशोब मांडते, आणि सैन्याने गुन्हेगारांना काय दिलं ते पान उलटतच नाही. बेट हातात आल्यावर दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने फॅसिस्ट गावप्रमुख काढले आणि घाईत जो ‘फॅसिस्टविरोधी’ म्हणून पुढे आला त्याला बसवलं. मुसोलिनीच्या प्रीफेक्टने, म्हणजे प्रांतावर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, माफियावाल्यांना तुरुंगात टाकलेलं, तेव्हा तेही फॅसिस्टविरोधीच! विलाल्बाचा महापौर झाला डॉन विझ्झिनी. सप्टेंबर 1944 मध्ये त्याच गावच्या चौकात कम्युनिस्ट नेते जिरोलामो ली काउझी भाषणाला उभे राहिले, तेव्हा गोळ्या आणि हातबॉम्ब चालले, चौदा जण जखमी झाले.

नेपल्सजवळ नोला इथे तर न्यूयॉर्कच्या माफियातला व्हीटो जेनोव्हेझे अमेरिकन सैन्याचा दुभाषा म्हणून काम करत होता. खुनाच्या आरोपातून पळून 1937 मध्ये इटलीत आलेला. आधी फॅसिस्टांना पैसे देऊन त्यांचा मानकरी झालेला, मग नव्या मालकांचा. एका बाजूला अधिकाऱ्यांची शिफारसपत्रं खिशात, दुसऱ्या बाजूला सैन्याचंच पीठ-साखर काळ्या बाजारात. ऑगस्ट 1944 मध्ये त्याला पकडलं ते सैन्याच्या गुन्हे शाखेतल्या ऑरेंज डिकी या पोरसवदा सार्जंटने. सोडून दे म्हणून जेनोव्हेझेने त्याला अडीच लाख डॉलर देऊ केले, असं डिकीने नंतर साक्षीत सांगितलं. वरच्यांना कैदी नको होता. हा मात्र महिनोन्‌महिने एकेका कचेरीची दारं ठोठावत राहिला आणि 1945 मध्ये जहाजात घालून त्याला न्यूयॉर्कला घेऊन गेला. तोवर खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार पोलिसांच्याच पहाऱ्यात विषाने मेला होता. जून 1946 मध्ये जेनोव्हेझे निर्दोष म्हणून कोर्टातून बाहेर पडला.