टूथपिकला टोचलेला नाताळ

पंचवीस माणसांचा स्वयंपाक सोपा असतो, हे माझं ठाम मत आहे. मसालेभाताचं एक पातेलं, आमटीचं दुसरं, चार काकड्या चोचवल्या की कोशिंबीर, आणि शिऱ्याचा रवा गप्पा मारता मारता भाजून होतो. ऐन वेळी कुणी मेहुण्याला घेऊन आलं तर आमटीत दोन भांडी पाणी घालावं. कुणाच्या लक्षात येत नाही, मेहुण्याच्या तर नाहीच.

पण २०२४च्या डिसेंबरात आमच्या न्यू जर्सीच्या घरी नवऱ्याने जाहीर केलं की यंदा नाताळाला गल्लीतले शेजारी आणि आपली मराठी मंडळी यांना एकत्र बोलवायचं आणि जेवण ठेवायचंच नाही. "नुसते अ‍ॅपेटायझर्स. चार ते सात कधीही यावं, उभ्या उभ्या खावं, निघावं. तुला काही त्रास नको." माझा त्रास वाचवायचं त्याने मनावर घेतलं की मला आदल्या रात्रीपासून झोप लागत नाही.

इथल्या यजमानांचं या बाबतीतलं गणित पक्कं आहे. मागाहून जेवण असेल तर माणशी पाच-सहा नग, नसेल तर दहा-बारा. पंचवीस गुणिले बारा, तीनशे. म्हणजे तीनशे वेळा काहीतरी कशावर तरी ठेवायचं, कशात तरी गुंडाळायचं किंवा कशाने तरी टोचायचं. जिची कोशिंबीर दहा मिनिटांत झाली असती, त्याच काकडीच्या चकत्या करायच्या, त्या कागदावर पसरून कोरड्या करायच्या, प्रत्येकीवर क्रीम चीजचा ठिपका द्यायचा आणि ठिपक्यावर शेपूची एकेक काडी उभी करायची. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई शेजारी उभ्या राहून हे बघत होत्या.

"शेपू? पाहुण्यांना?" त्या म्हणाल्या. "काही वैर आहे का गं त्यांच्याशी?"

दिवस ठरवला तोही नवऱ्याने. पंचवीस तारखेला अमेरिकन माणूस आपापल्या आईकडे असतो, म्हणून सव्वीस, गुरुवार. सगळ्या शेजाऱ्यांना विचारून झालं. कालनिर्णयला विचारायचं राहिलं. सासूबाईंनी ते येताना बॅगेतून आणलं होतं आणि फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं. त्यांनी चष्मा लावला, चौकोनावर बोट ठेवलं आणि निकाल वाचून दाखवला. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन. त्याच दिवशी सफला एकादशी. भरीस भर म्हणजे कोपऱ्यावरच्या ज्यू आजी-आजोबांचा हनुका हा आठ रात्रींचा सण त्या वर्षी नेमका पंचवीसच्या संध्याकाळी सुरू होत होता. असा योग याआधी २००५ साली आला होता. म्हणजे आमच्या पार्टीच्या दिवशी त्यांची दुसरी रात्र. इतक्या देवांना एकच संध्याकाळ मोकळी सापडावी आणि तीही आमच्या घरी!

उद्यापन आणि एकादशी एकाच दिवशी कसं करायचं, हा प्रश्न सांगलीच्या गुरुजींपर्यंत गेला. आमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडे पहाटेचे साडेपाच, त्यामुळे गुरुजींनी फार चर्चा केली नाही. उद्यापन करा, नैवेद्य उपासाचा दाखवा, फोन ठेवा.

आता कलशाला पाच झाडांच्या डहाळ्या हव्यात. न्यू जर्सीत डिसेंबरअखेर बहुतेक झाडांचे खराटे झालेले असतात. सासूबाई माझा बर्फातला कोट घालून घराभोवती फिरल्या आणि होली, बॉक्सवूड, रोडोडेंड्रॉन आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाची एक हिरवी फांदी घेऊन परतल्या. पाचवी घरातच मिळाली. दिवाणखान्यातल्या ख्रिसमस ट्रीची, भिंतीकडच्या बाजूची. "मागून कोण बघतंय," असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरी कसोटी मात्र कोण काय खात नाही, ही होती. पंगतीत हा प्रश्न वाढप्यापाशी मिटतो. ज्याला नको तो पानावर आडवा हात धरतो, वाढपी पुढे जातो. इथे प्रत्येक घास आधीच सीलबंद. कोळंबीची थाळी मी मोठ्या हौसेने आणली होती. बर्फातून काढायची, वितळवायची, गोल मांडायची आणि मधोमध केचपमध्ये हॉर्सरॅडिश कालवून ठेवायचं, जे मोहरीसारखं थेट नाकात जातं. इतका सोपा पदार्थ दुसरा नाही. पण ज्यू आजी-आजोबांना कोळंबी वर्ज्य, आणि आपल्या मंडळींपैकी निम्म्यांनी मार्गशीर्षासाठी मासळी सोडलेली. उरले तिघे, त्यांतला एक माझा नवरा.

चीज तरी सगळ्यांना चालेल म्हणून ब्रीचा आख्खा गोळा आणला, तर एका मैत्रिणीने लेबल वाचून फोनवरच विचारलं, "रेनेट कुठलं आहे गं?" पुष्कळ चीजमध्ये दूध नासवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. इटलीच्या अस्सल पार्मेझानमध्ये तर तेच वापरायचा नियम आहे. चीज बॉल करायला घेतला तर त्यात वूस्टरशर सॉस, आणि त्या सॉसमध्ये अँकोव्ही, म्हणजे मासे. 'पिग्ज इन अ ब्लँकेट' या लाडक्या पदार्थात नावातच डुक्कर. इथे निदान इटुकल्या सॉसेजला कणकेचं पांघरूण घालतात. इंग्लंडात त्याच नावाने सॉसेजभोवती बेकन गुंडाळतात, म्हणजे डुकराला डुकराचंच पांघरूण. मी चिकन सॉसेज घेतले आणि नाव कुणाला सांगितलं नाही.

शेवटी चेरी टोमॅटो, मोझरेला आणि बेझिलचं पान एका काडीला टोचायचं ठरलं. लाल, पांढरा, हिरवा, म्हणजे नाताळही झाला. मोझरेलावर मायक्रोबियल रेनेट, म्हणजे वासराविना केलेलं, असं छापलेलं होतं, मी दोनदा वाचलं. साठ काड्या टोचून झाल्या तेव्हा सासूबाईंनी एक पान उचलून हुंगलं.

"एकादशीला तुळस खुडलीस?"

"दुकानातली आहे, आई. कुणीतरी सोमवारीच खुडली असेल."

त्यांनी पान जागेवर ठेवलं. पटलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

सॉसेजच्या पांघरुणासाठी आणलेल्या पफ पेस्ट्रीबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण रक्तदाब वाढतो. ती गोठलेली येते आणि चाळीसेक मिनिटं बाहेर ठेवायची असते. तीस मिनिटांनी उलगडली तर चिरते, साठ मिनिटांनी उलगडली तर ओट्याशी लग्न लावते. शिवाय ओव्हन चारशे डिग्री फॅरनहाइटवर तापलेला, म्हणजे स्वयंपाकघरात मे महिना, आणि तिथे ही थंडगार राहिली तरच फुलणार.

त्यातल्या त्यात आधार होता सासूबाईंच्या साबुदाणा वड्यांचा. नैवेद्यालाही झाले, पाहुण्यांनाही. ग्लूटेन नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही, रेनेटचा तर प्रश्नच नाही. अख्ख्या अमेरिकेच्या पथ्यांना पुरून उरेल असा पदार्थ. दुपारी समोरच्या घरातल्या बाईंचा मेसेज आला. धाकट्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तुमच्याकडे शेंगदाण्याचं काही नाही ना? पातेल्यात दोन वाट्या कूट मळून तयार होतं. अशा अ‍ॅलर्जीत एखादा कणही मुलाला थेट हॉस्पिटलात नेऊ शकतो, तेव्हा वाद घालायची सोयच नव्हती. वडे, परात, कढई आणि सासूबाई अशी सगळी मिरवणूक तळघरातल्या शेगडीकडे रवाना झाली. मी ओटा तीनदा पुसला. "शेंगदाण्याशिवाय उपास करतात तरी कसा हे लोक," असा आवाज जिन्यावरून बराच वेळ येत होता.

चार वाजता, म्हणजे अगदी चारलाच, अमेरिकन शेजारी आले. ज्यू आजींनी झाकलेल्या ताटातून लाटके आणले होते. हनुकाला तेलाचं महत्त्व, म्हणून किसलेल्या बटाट्याची ही खरपूस तळलेली थालीपिठं, सोबत सफरचंदाची चटणी. हात धुऊन वर आलेल्या सासूबाईंचा चेहरा उजळला. बटाटा, तळलेला, तोही एकादशीला! त्यांनी हात पुढे केला आणि मी साहित्य विचारलं. कांदा, अंडं, थोडं पीठ. इतका हातातोंडाशी आलेला फराळ परत जाताना मी पहिल्यांदाच पाहिला.

या पदार्थांना आग्रह करता येत नाही, हे त्यांचं सगळ्यात मोठं वैगुण्य. "अजून एक घ्या" म्हटलं की अमेरिकन पाहुणा "नो, थँक यू" म्हणतो, आणि त्याचा अर्थ खरोखरच नको असा असतो. जिलबी वाढताना चालते ती झटापट टूथपिकसमोर शोभतही नाही. बरं, वापरलेल्या टूथपिकचं काय करायचं, हेही कुणी सांगत नाही. कुणी त्या खिशात ठेवतात, कुणी कुंडीत टाकतात. आमच्याकडे कुणा सभ्य गृहस्थाने कलशाखालच्या तांदळात सहा टूथपिक ओळीने उभ्या खोचल्या होत्या. सासूबाईंनी त्या एकेक उपटल्या आणि म्हणाल्या, "उदबत्तीची जागा वाटली असेल त्याला."

दिवेलागणीला हळदीकुंकू. आपल्या सवाष्णींचा अजून पत्ता नव्हता, म्हणून हजर असलेल्यांपासून सुरुवात झाली. ज्यू आजी, समोरच्या बाई, आणखी दोघी, सगळ्या आनंदाने रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीला कुंकू, एक केळं आणि व्रताच्या कहाणीची पोथी. समोरच्या बाईंनी पोथी उलटसुलट करून बघितली आणि मला हळूच विचारलं, खाली ज्याचा वास येतोय त्याची रेसिपी यात आहे का?

"काय म्हणतेय?" सासूबाई म्हणाल्या. मी सांगितलं.

"हो म्हण. आणि सांग, मनोभावे केलं तरच फळ मिळतं."

चीज आणि कोळंबी टेबलावर मांडताना नवऱ्याने फोनवर दोन तासांचं घड्याळ लावलं होतं, कारण नाशवंत पदार्थ त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत असं इथलं कृषी खातं सांगतं. सहाला ते वाजलं, थाळ्या आत गेल्या, अमेरिकन शेजारी आभार मानून घरी गेले. पावणेसातला आपली मंडळी आली. चार ते सात म्हणजे सात, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. उरलेल्या काकड्या, टोमॅटोच्या काड्या आणि पेस्ट्रीतलं नाव न सांगितलेलं ते, सगळं वीस मिनिटांत संपलं. वासाच्या मागावर तळघर सापडलं आणि वडेही संपले. मग सगळे सोफ्यावर टेकले, पाय ताणले, आणि एक वहिनी अगदी प्रेमाने म्हणाल्या, "स्टार्टर्स फारच छान होते हं. पानं घ्यायला मदत करू का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. मी आत जाऊन कुकर लावला, दुसऱ्या शेगडीवर आमटीचं पातेलं चढवलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला जरा निवांत वाटलं. फोडणी तडतडत असतानाच बाहेरून त्याचा आवाज आला, "अगं, पाणी थोडं जास्तच घाल. अजून एक गाडी लागतेय."