हजेरी बघायचीच तर जुलैतली बघा

अहो दादा, कमेंट पूर्ण वाचली. कोकणातला कामगार मुळातच आळशी, गणपती-शिमग्याला फॅक्टऱ्या ओस, जॉब सॅटिस्फॅक्शन हे एचआरवाल्यांचं फॅड, पगार कापा म्हणजे झक मारत येतील, असं तुमचं म्हणणं.

गणपतीचे खाडे नाराजीचे नसतातच हो. तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते, त्या हिशोबाने माल पुढेमागे करणं हे मालकाचं काम. आमच्याकडे सुपरवायझरने एका मावशीला विचारलं तर म्हणाली, 'गणपती घरात आसताना हंय येवन काय करू?' विषय संपला.

आणि पगार काय कापणार? कुडाळ-वेंगुर्ल्याकडे काजू फोडायला बसणाऱ्या बऱ्याच बायका किलोवर काम करतात, ज्या दिवशी आली नाही त्या दिवसाचे पैसे तसेही नाहीत, तरी दांड्या पडतातच ना! टरफलातल्या चिकाने बोटं काळी होतात, सालं निघतात, राख नाहीतर तेल चोळून बसायचं, आणि संध्याकाळी काट्यावर अख्खा गर वेगळा, तुकडा वेगळा, तुकड्याला रेट कमी. आता बी नीट उकडलेली नसेल तर गर फुटणारच, त्यात तिचा काय दोष, पण भुर्दंड तिलाच. हे महिनाभर चाललं की डोकं दुखायला लागतं, पोराला ताप येतो, पाहुणे येतात... समजून घ्या.

फॅड म्हणालात म्हणून सांगतो. एप्रिल १९७५ मध्ये शिकागोत जबरदस्त बर्फ पडला, ऑफिस गाठणं मुश्कील, आणि नाही गेलं तरी कोणी काही बोललं नसतं. तिथल्या सिअर्स या मोठ्या दुकानांच्या कंपनीत कामाच्या समाधानाचा सर्व्हे आधीच झालेला होता. फ्रँक स्मिथ नावाच्या संशोधकाने त्या दिवसाची हजेरी त्याच्याशी ताडून बघितली (१९७७ ला छापून आलं), तर जिथले लोक जास्त खूश तिथली हजेरी जास्त. सिअर्सच्याच न्यूयॉर्कच्या ऑफिसात त्या दिवशी बर्फ नव्हता, तिथे असा काही संबंध दिसला नाही. म्हणजे नेहमीच्या दिवशी माणूस सवयीने, धाकाने, गरजेने येतोच, मनातलं कळतं ते घरी बसायला सबब असते तेव्हा.

आपल्याकडे ती सबब जुलैत मिळते. तुमच्याकडचं जुलैचं मस्टर काढा, धो धो पावसाचे दिवस बघा, कुठल्या सुपरवायझरच्या हाताखालच्या बायका भिजत का होईना आल्या आणि कुठल्या नाही, मग बोलू. फक्त साकवापलीकडच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलापलीकडच्या) बायका त्यात धरू नका, साकव पाण्याखाली गेला की त्या येऊच शकत नाहीत.