‘लॉगमधल्या नोंदी उडवल्या’ या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

रावेरच्या केळीकाट्यावरच्या सर्व्हरबद्दल तुम्ही लिहिलंय, की जर्नलमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) नोंद क्रमांक ८८२१४ नंतर थेट ८८२२१ येतो, मधल्या सहा नोंदी आम्ही उडवल्या आणि पावत्यांची भानगड दडवली. आरोप चारचौघांत केलात, तर उत्तरही इथेच देतो.

सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, जर्नल एकाच फाईलीत नसतो. सर्व्हिसेसच्या, म्हणजे पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, नोंदी सिस्टम-जर्नलमध्ये जातात. काट्यावर लॉगिन करणाऱ्या माणसाच्या, म्हणजे यूआयडी (युजरचा क्रमांक) १००० पासून पुढच्या युजरच्या, त्याच्या वेगळ्या फाईलीत. क्रमांक मात्र दोन्हींना एकाच मोजणीतून मिळतात. बाजार समितीत खिडक्या दोन आणि टोकनचं मशीन एक असलं, की एकाच खिडकीवर बसलेल्याला मधले नंबर गायबच दिसणार! तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये वरची कमांड वाचा: फक्त सिस्टम-जर्नलची फाईल उघडलेली आहे.

परवा तुमच्या मॅनेजरसमोर रूट (सर्वाधिकार असलेल्या) लॉगिनने, कुठलीही फाईल न सांगता, जर्नलसीटीएल ही जर्नल वाचायची कमांड जेसन आउटपुटमध्ये (प्रत्येक नोंदीचा सगळा तपशील दाखवणाऱ्या स्वरूपात) चालवली. (हे क्रमांक तिथे सिस्टमडीच्या २०२३ च्या २५४ व्या आवृत्तीपासून दिसतात, जुन्या मशीनवर शोधू नका.) सहाही नोंदी काटा-ऑपरेटरच्या सेशनच्या निघाल्या. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसावं.

मधूनच सहा ओळी वेचून काढायची सोय जर्नलसीटीएलमध्ये नाहीच. व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या नोंदींची साफसफाई, केलं तर बंद झालेल्या फाईली अख्ख्या जातात, तेही सर्वांत जुनीपासून.

आणि नोंदी खरंच गळतात तेव्हा बहुतेकदा क्रमांक तुटतच नाहीत. एखादी सर्व्हिस बडबडायला लागली, ३० सेकंदांत १०,००० नोंदींची मूळ मर्यादा ओलांडली (डिस्क मोकळी असेल तर ती वाढते), की पुढच्या नोंदी क्रमांक मिळण्याआधीच टाकल्या जातात. मागे उरते ‘सप्रेस्ड’ (इतक्या नोंदी टाकल्या) अशी एक ओळ. शंका घ्यायची तर ती ओळ शोधा. तुमच्या सर्व्हरवर आम्हाला ती दिसली नाही.

राहिल्या पावत्या. त्या जर्नलमध्ये कधी नव्हत्याच. त्या बिलिंगच्या डेटाबेसमध्ये आहेत, आणि त्याचा पासवर्ड आमच्याकडे नाही. वजन आणि पावती जुळत नसेल तर बिलिंगवाल्याला बोलवा, मीही येतो. गाड्या भरून झाल्या की रात्री आठनंतर बसू. तोवर ‘उडवल्या’ हा शब्द रिव्ह्यूतून काढा.